गाळ्याची नोटीस

लॉ कॉलेजची पोरं दर शनिवारी छोट्या दुकानदारांना आणि सेवाभावी संस्थांना फुकट सल्ला देतात हे कळताच, शिवणकामवाल्या मावशी मशीनवरचं काम तसंच टाकून धावत गेल्या. त्यांचा गाळा एका वृद्धाश्रमाच्या मालकीचा, आणि आश्रमाने महिनाभरात जागा खाली करायची नोटीस धाडली होती.

"सव्वीस वर्षं झाली गं त्या गाळ्यात. एखादी पळवाट असेलच की!" मावशी काकुळतीला आल्या.

शेवटच्या वर्षाच्या मुलीने नोटीस उघडली. पहिल्याच ओळीला तिचा चेहरा असा खुलला की मावशींच्या जिवात जीव आला.

"सापडली?"



"छे हो, एकही नाही! पंधरा दिवसांपूर्वी ही नोटीस आश्रमाला मीच लिहून दिली होती. सरांनी पैकीच्या पैकी मार्क दिले."