कोकमला बघायला आलेले पाहुणे

मृणाली रिंगणातून बाहेर आली तेव्हा टाळ्या वाजत होत्या. आता पाळी योगिनीची होती.

"झालं गो माझं!" मृणाली घोड्यावरूनच ओरडली. "आता तू नेहमीसारखी जाऊन ये. कप आपलाच!"

खरंच होतं ते. रत्नागिरीच्या क्लबचे तिघं स्पर्धेत होते. सुजयची फेरी काल उत्तम झाली होती, मृणालीची आत्ता त्याहून सरस. तिघांचे गुण एकत्र धरायचे, त्यामुळे योगिनीने बरी फेरी केली तरी भागणार होतं. शिवाय मृणालीची ही शेवटची स्पर्धा. पुढच्या महिन्यात लग्न होऊन ती नागपूरला जाणार होती, आणि जाताना कप हातात घेऊन फोटो काढायचा तिचा हट्ट होता.

योगिनीने मात्र वाईट फेरी करायचं कालच ठरवलं होतं.

काल संध्याकाळी चहाच्या टेबलामागे हरिश्चंद्रकाकांना फोनवर बोलताना तिने ऐकलं. "उद्या या कोकमला बघायला. रिंगणात बघा, मगच काय ते ठरवा." काका म्हणजे त्यांचे प्रशिक्षक. क्लबच्या नव्या तबेल्यात तीनच घोडे मावणार होते आणि घोडे होते चार. एकाला जावं लागणार हे सगळ्यांना माहीत होतं. तो कोकम असेल असं योगिनीच्या स्वप्नातही आलं नव्हतं.

कोकमच्या रंगाचा म्हणून कोकम. चार वर्षं रोज सकाळी ऑफिसच्या आधी ती त्याला सड्याच्या मोकळ्या कातळावर फिरवत होती. आई गेली त्या आठवड्यात ती घरात कुणाशी बोलली नाही, त्याच्याशी बोलली. पण घोडा क्लबचा. तिला कोण विचारतंय?

म्हणजे मुलगी बघायला येतात तसे पाहुणे येणार होते. आणि स्थळ नको असलं की काय करायचं, हे योगिनीला घरातूनच ठाऊक होतं. तिच्या मावशीने अशाच एका प्रसंगी पोह्यांत दोनदा मीठ घातलं होतं.

पाहुणे सकाळीच कोल्हापूरहून आले होते. पांढरी टोपी, पुढच्या रांगेतली खुर्ची. मृणालीचा घोडा पाण्यासारखा वाहत होता तेव्हा ते चक्क फोनमध्ये बघत होते. म्हणजे कोकमसाठीच थांबलेत, योगिनीने ताडलं.

"काय गो, चेहरा असा का?" काकांनी रिकीब तपासत विचारलं. "जेवलीस ना?"

"जेवले."

"मग झालं तर. त्याच्यावर सोड. तो संभाळतो."

योगिनीने काकांकडे बघितलंच नाही.

ड्रेसाज हा घोडेस्वारीचा प्रकार बघायला सोपा वाटतो. रिंगणाच्या कडेने अक्षरांच्या पाट्या असतात. कुठल्या पाटीशी वळायचं, कुठे दुडकी, कुठे दौड, सगळं ठरलेलं, आणि स्वाराचा इशारा बघणाऱ्याला दिसता कामा नये. क्रम चुकला की परीक्षक घंटा वाजवतात, गुण कापतात. तिसऱ्या घंटेला स्वार बाद.

सलाम करून योगिनी निघाली. पहिल्याच पाटीशी उजवीकडे जायचं ते तिने कोकमला डावीकडे वळवलं. घंटा वाजली. कोकम थांबला, तिने म्हटलं तसा मागे वळला. पुढे दुडकी सोडून तिने एकदम टाच मारली आणि त्याच वेळी लगाम हिसडला. कुठलाही घोडा अशाने मान उडवतो. कोकमने फक्त एक कान मागे केला, काय झालं म्हणून.

तिला रडू यायला लागलं. तिने एक पाय रिकिबीतून सोडून दिला, खोगिरात पोत्यासारखी आदळत राहिली. वर्तुळ घ्यायचं तिथे ती सरळ गेली. दुसरी घंटा. सुजयने कपाळावर हात मारलेला तिला दिसला. मृणाली कठड्याला धरून नुसती उभी होती. योगिनीला वाटलं, आत्ता थांबावं, उरलेलं तरी नीट करावं. मग तिला पाहुणे दिसले. ते खुर्चीतून उठले होते.

निघाले, ती मनात म्हणाली, आणि शेवटची दौडसुद्धा वेडीवाकडी केली.

कप दुसऱ्या क्लबकडे गेला. सुजय सामान उचलून तडक निघून गेला. मृणालीने डोळे पुसले आणि तिच्या पाठीवर हात ठेवला. "असू दे गो. होतं असं कधीतरी." शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं, असं योगिनीला वाटलं. मृणालीच्या तोंडाकडे बघायची तिची छाती होईना.

ती कोकमचं खोगीर उतरवत होती तेव्हा काका आले. मागोमाग पांढरी टोपी.

एवढं केलं होतं, आता उरलेलंही करायला हवं होतं. "सॉरी काका," ती पाहुण्यांना ऐकू जाईल अशा बेताने म्हणाली. "आज हा ऐकतच नव्हता. अवघडच घोडा आहे."

पाहुणे हसले. त्यांनी कोकमच्या कपाळावर हात ठेवला आणि कोकमने नेहमीप्रमाणे मान खाली घातली.

"त्याला कशाला बोल लावता, ताई? सकाळपासून बघतोय, एकेक स्वार इतका तयार, की घोड्याचा स्वभाव कळायला मार्ग नाही. तुम्ही लगाम हिसडलात, रिकीब सोडलीत, भलतीकडे वळवलंत, तरी हा एकदा बिथरला नाही. माझ्याकडे पहिली-दुसरीतली पोरं बसायला शिकतात हो. ती अगदी अशीच बसतात." मग ते काकांकडे वळले. "ठरलं आपलं. गाडी घेऊनच आलोय."