नाल्याची बातमी

पंचशीलानं पाण्याचा गिलास पुढं केला. अंगदनं तो घेतला आणि न पिताच खाली ठेवला.

"सतीश कधी येतोय?" त्यानं विचारलं.

"दिवाळीशिवाय न्हाई. पुण्याकडं नवीनच काम लागलंय, सुट्टी कोण देतंय?" चुलीवर चहाचं आधण ठेवत ती म्हणाली. "हितलं काम व्हतं तवा दुपारच्या भाकरीला घरी यायचे."

अंगदनं मान खाली घातली. इथलं काम त्याच्याच लेखणीनं गेलं होतं. उन्हाळ्यात वस्तीतल्या लेकरांच्या तोंडात फोड आले, हातावर चट्टे उठले, तेव्हा युसूफ वडगाव या गावचा वार्ताहर म्हणून पहिली बातमी त्यानंच दिली. रंगाच्या कारखान्याचं केमिकल नाल्यातून विहिरीत मुरतंय, असं छातीठोकपणे लिहिलं. रोज एक बातमी, रोज एका लेकराचा फोटो. तपासणी होईपर्यंत दम कोण धरतो? मोर्चा निघाला, कारखान्याला टाळं लागलं, गावानं अंगदला शाल पांघरली. त्याच दिवशी सतीश घरी बसला. सतीश म्हणजे त्याचा शाळेपासूनचा दोस्त.

आज सकाळपासून अंगदच्या पोटात अन्नाचा कण नव्हता. काय व्हायचं ते होवो, पंचशीलाला सगळं तोंडावर सांगायचं आणि माफी मागायची, असं ठरवून तो आला होता. आल्यापासून मात्र पीकपाण्याच्या गप्पा मारत होता.

"दादा, एक विचारू?" ती म्हणाली. "कारखाना बंद पडला. विहिरीला आमी हात बी लावत न्हाई, निस्तं टँकरचं पाणी पितो. तरी पोरीचं तोंड कावून बरं व्हईना?"

तिची लेक उंबऱ्यावर बसली होती. ओठ फुटलेले, मनगटावर नवे चट्टे. भाकर दुधात कुस्करून दिली तरी तिला गिळवत नव्हती.

"हळूहळू उतरतं, वहिनी," अंगद म्हणाला. "अंगात मुरलेलं असतंय ना."

"तुमी म्हणताव तर आसंल. तुमच्या पेपरचे लई उपकार हायत. उन्हाळ्याच्या तोंडाला वर्धापनदिनाला ड्रम वाटले म्हणून टँकरचं पाणी धरून ठिवता येतंय. न्हाईतर आठवडा कशावर काढला असता?"

तिनं चहाची कपबशी त्याच्यापुढं ठेवली. अंगद कपाकडं बघत बसला. चहावर साय धरली.

"चहा निवला, दादा. पाणी बी तसंच हाय."

"घसा धरलाय जरा."

"घसा न्हाई धरला," ती शांतपणे म्हणाली. "तुमचे वडील बी पाणी न पिता आमच्या अंगणातूनच वापस जायचे. पर अंगद तसला न्हाई, आसं हे म्हणायचे."

शाळेत तो सतीशच्या डब्यात जेवलेला माणूस. 'तसं नाही' म्हणायला त्यानं तोंड उघडलं, पण मग कसं आहे तेही सांगावं लागलं असतं. जात पाळतो हा डाग परवडला, असं त्याला वाटलं. स्वतःची एवढी किळस त्याला कधी आली नव्हती.

"ऱ्हाऊ द्या," म्हणत तिनं गिलास उचलला आणि लेकीच्या हातात दिला. "पी बाई. फेकायला पाणी कुठंय आपल्याकडं."

पोरीनं गिलास घटाघटा रिकामा केला. अंगद उठला, 'येतो' म्हणाला आणि तिच्याकडं न बघता बाहेर पडला.

फाट्यावर येईपर्यंत दोनदा फोन वाजला. तिसऱ्यांदा त्यानं तो उचलला. पलीकडं संपादक बबनराव होते.

"काही बोललास का तिच्याजवळ?"

"न्हाई."

"बरं केलंस. नाला आणि विहीर तपासणीत साफ निघाले, ते एक वेळ निभावून नेऊ. पण केमिकलचे ड्रम भंगारातून आणून आपणच वाटले, त्यातलंच पाणी लोकांना बाधतंय, हे बाहेर आलं तर पेपर बुडेल. आणि ड्रम तू आणले होतेस, विसरू नकोस."

"साहेब, माझ्या वाट्याचं पाणी तिनं पोरीला पाजलं," अंगद म्हणाला. "अन् मी बघत बसलो."