मातीखालचं अंजीर

“अका, उघडा आता. जर्दाळूचा बहर गळायला लागला.” थोरल्या भावाला मारावी तशी हाक देत शेजारच्या एर्मतचं डोकं आजही सामाईक भिंतीवर उगवलं.

तुर्सुनअलीने प्याल्यातला चहा संपवला आणि मगच वर पाहिलं. नवरोजपासून हा चौथा आग्रह. ज्याच्या अंगणात अंजिराचं पानही नाही, त्याला दुसऱ्याच्या अंजिराची एवढी कळकळ कशापायी?

फरगाण्यात थंडीआधी सगळेच अंजिरं वाकवून मातीखाली पुरतात आणि वसंतात उकरतात. पण हे वडिलांच्या हातचं पिवळं अंजीर एकदा मातीखाली गेलं की कसल्याही थंडीला बधत नसे. लावायला त्याची काडी या घराण्याने आजवर कुणाला दिली नव्हती. मुली दिल्या, काडी नाही.

तीन वर्षांपूर्वी एर्मत पुरायच्या कामात हात लावायला आला होता. वसंतात माती काढली, तर एका फांदीवर तिरका, स्वच्छ काप. उंदीर तिरका कापत नाहीत. तेव्हापासून मदत बंद, सलाम चालू.

“अहो, ऊन बघा केवढं तापतंय,” हनीफा नवऱ्याला म्हणाली. “आत वाफ धरेल. निदान एका बाजूने तरी मोकळं करा.”

“तेच हवंय त्याला. उघडलं की ‘बघू, बघू’ करत येणार आणि जाताना बाहीत काडी. शिवाय गेल्या साली एप्रिलात बर्फ पडलं, विसरलीस?”

एर्मत रोज डोकावत राहिला. आधी हसत, मग काकुळतीने, शेवटी चक्क ओरडून. “अका, पाया पडतो, उघडा हो!” एवढ्या जोराने कुणी दुसऱ्याचं भलं चिंतत नाही, हे तुर्सुनअलीला पक्कं ठाऊक होतं. खबरदारी म्हणून त्याने वर आणखी दोन पाट्या माती टाकली.

जर्दाळूला हिरव्या गोट्या धरल्या, तेव्हा एर्मत बाजाराला गेल्याची खात्री करून त्याने फावडं उचललं.

आधी वास आला. आंबलेला. मग फांद्या दिसल्या, काळ्या आणि मऊ. खोडाला हात लावला तर साल मोज्यासारखी निघून आली. त्याने मुळापर्यंत चाकू घालून पाहिला. कुठेच हिरवं नव्हतं. हनीफाने ओढणीचं टोक तोंडाला लावलं. तुर्सुनअली ढिगाऱ्यावरच बसला. वडिलांना आपण दुसऱ्यांदा पुरलं, असं त्याला वाटलं.

दुपारी बाजारातून परतल्यावर एर्मत आला. भिंतीवरून नाही, दारातून. हातात पोचे आलेली बादली. बादलीत गुडघाभर अंजीर, तळहाताएवढ्या पानांचं. पानाचं मधलं बोट बदकाच्या मानेसारखं लांब. तसलं पान अख्ख्या गावात एकाच झाडाला होतं.

“चोरा!” तुर्सुनअली उठला.

“चोरच,” एर्मत म्हणाला आणि त्याने बादली खाली ठेवली. “एकच काडी नेली होती. गोठ्यामागे वाढवली. ही घ्या, तुमची तुम्हाला.”

तुर्सुनअलीने पानांवरून बोट फिरवलं. त्याचा आवाज उतरला.

“आत कुजतंय हे तुला कळत होतं. मग नुसतं ‘उघडा, उघडा’ काय? नीट कारणासकट सांगायला काय झालं होतं?”

एर्मतने बादली पायाने त्याच्याकडे सरकवली.

“काय सांगणार होतो, अका? माझ्या अंजिराला पानं फुटलीत, तुमचंही उघडा, असं?”