गाळलेलं सातवं

आमचं सॉफ्टवेअर घरांचे दिवे आणि कुलपं सांभाळतं. समोरच्या कंपनीचं आठवं व्हर्जन आलं, तेव्हा आपलं नाक खाली व्हायला नको म्हणून साहेबांनी सहाव्यानंतर थेट आठवंच काढलं. सातवं कुणी बनवलंच नाही.

आज दुपारी सपोर्टच्या फोनवर एक आजोबा होते. मागे भांड्यांचा आवाज, पोरांचा गलबला.

"ताई, सातव्याचा सपोर्ट कधी बंद होणार?"

"सहावं असेल, आजोबा. त्याचा आज संध्याकाळी बंद होतोय."

"नाही हो. आमच्या अख्ख्या गल्लीत सातवंच आहे."

मला हसू आलं. "अहो, सातवं आम्ही काढलंच नाही!"

मागचा गलबला एकदम थांबला.

"मग ताई," आजोबांनी हळूच विचारलं, "आम्ही सगळे कुठे आहोत?"