खाली आणलेली जनावरं

"धरा भावजी, हलू देऊ नका," सगुणाबाई म्हणाली. कुशाबानं म्हशीची दोन्ही शिंगं छातीशी दाबून धरली.

कोळवणाच्या देवळामागं, चिंचेच्या सावलीत, डोंगरावरच्या वाडीची जनावरं बांधली होती. वणव्यानं वाडी खाल्ली त्याला पंधरवडा होत आला होता. माणसं देवळात, जनावरं चिंचेखाली, आणि कुत्री भाकरीच्या वासानं दोन्हीकडं. कुणाच्या बैलाचे खूर पोळले होते, कुणाच्या शेळीचे कान गेले होते. सगळ्यांत वाईट हाल सगुणाबाईच्या म्हशीचे. सगुणाबाईनं दावं कापून तिला बाहेर काढली होती. पण तिची पारडी आतच राहिली. ती ओरडली तशी म्हैस वळली आणि पेटलेल्या गोठ्यात परत शिरली. आली तेव्हा एकटीच आली. कास भाजून निघाली होती.

पौडहून जनावरांचा डॉक्टर एकदा येऊन गेला. "जगली तर नशीब," म्हणाला. तेव्हापासून सगुणाबाई चुन्याची निवळी आणि खोबरेल फेटून कासेला लावत होती. बोट लागलं की म्हैस लाथा झाडायची. कुणाला जवळ उभं करायची नाही. फक्त कुशाबानं धरली तर सोसायची.

कुशाबा तिचा धाकटा दीर. तिचा नवरा मुंबईला गिरणीत, त्यामुळं अडीनडीला धावून येणारा बाप्या हाच. तो सकाळ-संध्याकाळ यायचा. उंबराचा पाला आणायचा, म्हशीच्या तोंडापुढं एकेक डहाळी धरायचा, ती खाईपर्यंत उठायचा नाही. त्याची स्वतःची जनावरं धडधाकट होती. वणवा आला त्या दुपारी ती खाली ओढ्यावर पाण्याला गेली होती म्हणून वाचली, असं त्यानं सांगितलं होतं. सगुणाबाईनं त्यासाठी देवाला हात जोडले होते. एकाची तरी वाचली.

निम्मी कास लावून झाली. म्हशीला धाप लागली म्हणून दोघं थांबली. कुशाबा बादली घेऊन विहिरीकडं गेला.

तेवढ्यात त्याची बायको धोंडाबाई भाकरी घेऊन आली. तिचं माहेर कोळवणातलंच. टोपली खाली ठेवून ती म्हशीजवळ वाकली आणि तिनं तोंडाला पदर लावला.

"आक्का, बघवत न्हाई वो. आदल्या सांजंला आमच्या जनावरांसंगं खाली धाडली असती, तर वाचली असती बिचारी."

"आदल्या सांजंला?"

"व्हय की. खाली चारा हाय म्हनून समदी आनून आमच्या आईच्या गोठ्यात न्हाई का बांधली? मी ह्यांना म्हनलं बी, आक्कास्नी सांगा. तर म्हनलं, मी सांगतो. मला वाटलं, तुमचंच मन झालं नसंल."

 बोटाला लागलेलं औषध सगुणाबाईनं वाटीच्या काठाला पुसलं.

कुशाबा भरली बादली घेऊन आला.

"भावजी, आदल्या दिशी जनावरं खाली का आनली?"

त्यानं बादली ठेवली. पाणी हिंदकळून त्याच्या पायावर आलं. तो धोंडाबाईकडं बघायला लागला, धोंडाबाई त्याच्याकडं.

"रान पेटवायचं व्हतं," तो म्हणाला. "पावसाळ्यात कवळं गवत फुटतं म्हून. पानंदीपाशी इझवनार व्हतो, वैनी. वारा फिरला."

"मला का न्हाई सांगितलं?"

"सांगितलं असतं, तर तुमी पेटवू दिलं नसतं."

धोंडाबाई त्याच्यापासून दोन पावलं मागं सरली.

आदल्या सांजेला तो सगुणाबाईच्या ओट्यावर बसून ताक पिऊन गेला होता. जाताना गोठ्यात डोकावला होता. पारडीच्या कपाळावर हात फिरवून, "लई गुनाची हाय," म्हणाला होता. सगुणाबाईला ते सगळं आता डोळ्यांपुढं दिसलं. देवळात माणसं बोलत होती. एक हाक मारली असती तर सगळी बाहेर आली असती. तिनं देवळाकडं पाहिलं. मग म्हशीकडं पाहिलं. राहिलेल्या निम्म्या कासेवर माश्या बसायला लागल्या होत्या.

"शिंगं धरा," ती म्हणाली.

"वैनी..."

"धरा म्हनते न्हवं."

त्यानं शिंगं धरली. तिनं वाटीत दोन बोटं बुडवली आणि एकेका सडाला औषध लावत गेली, रोजच्यासारखंच, घाई न करता. म्हैस थरथरली, पण तिनं पाय उचलला नाही. वाटी रिकामी झाल्यावर सगुणाबाई उठली.

"ही बरी हुईपातूर रोज यायचं," ती म्हणाली. "मग पुन्यांदा माज्या सावलीला बी उभं ऱ्हायचं न्हाई."

कुशाबानं मान हलवली. शिंगं सोडली तरी तो तिथंच उभा राहिला. म्हशीनं मान पुढं केली आणि घामानं खारट झालेलं त्याचं मनगट ती चाटायला लागली.

सगुणाबाईनं दावं ओढून तिचं तोंड आपल्याकडं फिरवलं. म्हैस पुन्हा तिकडंच वळली.