अस्तराच्या पट्ट्या

सभागृहाच्या खिडकीतून पहिली खुर्ची रस्त्यावर येऊन फुटली, तेव्हा समोरच्या दुकानात आजी कॉलर शिवत होती. तिनं मशीन थांबवली नाही. त्या खुर्च्यांवर बसून दोन्ही पार्ट्यांनी इतकी वर्षं एकमेकांच्या आयाबहिणी काढल्या. गावाच्या नळाला पाणी आणायला मात्र त्यांतलं एक बूड हललं नव्हतं. फुटू दे.

दोघांचे झेंडे तिच्याच मशीनवर शिवले जायचे. एकाचा पट्ट्यांचा, दुसऱ्याचा ठिपक्यांचा. दोरा तोच. "एकाला झाकावं नि दुसऱ्याला काढावं," ती गिऱ्हाइकाच्या तोंडावर म्हणायची आणि मजुरी आगाऊ घ्यायची.

आज दोन्ही पार्ट्यांना हाकलायला सभागृहात घुसलेल्या पोरांत तिची नातवंडं होती. थोरल्याला घरात वकील म्हणत. गप्प बसणं त्याला ठाऊकच नव्हतं. धाकट्या नातीच्या मागे तर गावातली झाडून सगळी तरणी पोरं उभी होती. सकाळी चहा पितानाच बहीणभावाचं वाजलं होतं.

"आपल्याला एक रंग हवा," नात म्हणाली होती. "गर्दीत आपली माणसं ओळखायची कशी?"

"तोंडं बघून," वकील म्हणाला. "रंग आला की पार्टी आली. मग यांना हाकलायचं कशाला?"

आजीला त्यात रस नव्हता. ती वकिलाला म्हणाली, "छपरावरचे झेंडे जाळू नका रे. कापड चांगलं आहे. उतरवून आण, गोधडीला होतील."

"क्रांतीतही तुझ्या चिंध्याच का गं?"

"क्रांती झाली म्हणून थंडी वाजायची राहते होय?"

दुपारी दोन्ही पार्ट्यांचे गुंड आले. जन्मात पहिल्यांदा एका ट्रकमधून आले. हातात लोखंडी गज. तेही तरणेच, अंगात आतल्या पोरांसारखेच शर्ट. दारातच मारामारी जुंपली. एकाचा जबडा लोंबायला लागला. एक जण कान हातात धरून पायरीवर बसला. धुरळ्यात कोण कुणाला हाणतंय, ते हाणणाऱ्यालाही कळेना.

नात रस्ता ओलांडून धावत आली. कपाळ फुटलं होतं.

"आजी, कापड दे. आमचीच पोरं आमच्याच पोरांना मारताहेत."

"वकील कुठे आहे?"

"छपरावर. त्याला काही होत नाही. फाड लवकर."

आजीनं राखाडी अस्तराचा तागा ओढला. काठाला कात्री लावली आणि टराटरा पट्ट्या फाडल्या. फाडताना एकेक खांद्यावर टाकत गेली. नातीनं सगळ्या ओरबाडून नेल्या आणि पळता पळता ओरडली, "दंडावर पट्टी नाही, त्याला सोडू नका!"

मग काम सोपं झालं. पट्टीवाले पट्टीवाल्यांना सोडून बाकी सगळ्यांना तुडवायला लागले. गुंड खिडक्यांतून खाली पडले. संडासात लपलेल्या सभागृहाच्या अध्यक्षाला पाय धरून पायऱ्यांवरून ओढत आणलं. प्रत्येक पायरीला त्याचं डोकं वाजलं. रस्त्यावरच्या लोकांनी टाळ्या वाजवल्या.

आजी मशीन सोडून सभागृहापाशी आली. नात वरच्या पायरीवर उभी होती. तिच्या गजाच्या टोकाला केस चिकटले होते.

"आजी, सभागृह आपलं झालं. आता आपण चालवणार."

"वकील कुठे आहे?"

"असेल वर, भाषण ठोकत." ती हसली. मागून पोरांनी एकाला हातापायांना धरून आणला आणि पायरीवर टाकला. "हा शेवटचा. छपराच्या जिन्यात अंधारात चाचपडत होता. काखेत झेंडे आणि दंड रिकामा. काहीतरी बोलायला लागला, मी बोलू दिलं नाही."

त्याच्या काखेत अजून झेंडे होते. एक पट्ट्यांचा, एक ठिपक्यांचा. काठाला काठ लावून, सुरकुती न पडू देता घडी घातलेले. तशी घडी त्या गावात एकाच घरात शिकवली जायची.

आजी खाली बसली.

"ऊठ आजी," नात म्हणाली. "त्यांच्यातला आहे तो."

आजीच्या खांद्यावर एक पट्टी राहून गेली होती. ती तिनं काढली. पोराचा दंड उचलून त्याला नीट बांधली, गाठ मारली.

तेव्हा कुठे नातीनं त्याच्या तोंडाकडे पाहिलं.