साठ वायरींचा सूर

बर्लिनमध्ये आमच्या वरच्या मजल्यावर राहणाऱ्या वोल्फरामनं सुटे भाग वायरींनी जोडून सूर काढायचा सिंथेसायझर बांधायला घेतला, तेव्हा तो पावाच्या डब्याएवढ्या पेटीत मावत होता. एकेक नवा भाग विकत आणताना तो बायकोला, गेर्लिंडेला, सांगायचा, "हा शेवटचा!" शेवटचा शेवटचा म्हणत पेटी इतकी फुगली की कपड्यांच्या कपाटाला जिन्यात जावं लागलं.

"आता मीही जिन्यातच झोपते!" गेर्लिंडे कावायची.

एका शनिवारी संध्याकाळी जवळच्याच तळघरातल्या क्लबात त्याचं पहिलंच वादन होतं. तीन आठवडे खपून, साठ वायरी इकडून तिकडे खोचून त्यानं एक सूर जमवला होता. या पेटीला आठवण नसते. वायरी उपसल्या की सूर गेला. त्याच दिवशी सकाळी तो पाव आणायला खाली उतरला आणि नवऱ्याचा मोठा दिवस म्हणून गेर्लिंडेनं पेटीवरची धूळ पुसली. सगळ्या वायरी काढून, रंगवार गुंडाळून ठेवल्या.

वोल्फराम दारातच मटकन बसला. तिचा चेहरा पडला. "माझं चुकलं का रे काही?"

"छे गं," तो म्हणाला, "मी काढणारच होतो त्या. आता तूच खोच."

तिनं लालशेजारी लाल, पिवळीशेजारी पिवळी अशा खोचल्या. मग असा काही सूर निघाला की अंगणातली कबुतरं ओळीनं ऐकत बसली. मी स्वतः मोजली, एकतीस. तळघरात तर लोकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या.

घरी येताना गेर्लिंडे हळूच म्हणाली, "उजवीकडे एक खाच रिकामी दिसते रे. एकच भाग आणू. हा शेवटचा."